मोत्या रडत नाही

शकुन-अपशकुनांवर विश्वास ठेवणाऱ्या कोणाही मराठी माणसाने न्यू जर्सीतील आमच्या घरी एक दिवस काढून पाहावा. येथे मांजर दिवसातून किमान चाळीस वेळा आडवे जाते. सायंकाळी सात वाजले की कुत्रा मान वर करून दीर्घ स्वरात ओरडू लागतो. आमच्या गावाकडे यालाच 'कुत्रे रडते' असे म्हणतात आणि आळीतील वृद्धांच्या प्रकृतीची चौकशी सुरू होते. या दोन्ही अपशकुनांच्या मधोमध तिशी ओलांडलेला एक संगणक अभियंता काळी नळी तोंडात धरून, लालबुंद चेहऱ्याने उभा असतो. एवढे होऊनही गेल्या तीन वर्षांत आमच्यावर कोणतेही संकट कोसळलेले नाही. नोकरकपातीच्या दोन लाटासुद्धा आम्हाला वळसा घालून गेल्या. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामी कोणास पुरावा हवा असल्यास हा वृत्तांत खुशाल वापरावा.

कुत्र्याचे नाव मोत्या. तो बीगल आणि आणखी कशाकशाचे मिश्रण असून प्राण्यांच्या निवाऱ्यातून आमच्याकडे आला. मांजरीचे नाव मनी. पशुवैद्यांच्या प्रतीक्षागृहात हे नाव पुकारले गेले की बसलेले सारे लोक चमकून वर पाहतात. बिल हाती पडल्यावर नावाची सार्थकता आम्हालाही पटते. काळी नळी म्हणजे क्लॅरिनेट. विद्यार्थ्यांसाठी असते तसे साधे, प्लॅस्टिकचे, दरमहा भाड्याने आणलेले.

क्लॅरिनेट आमच्या घराण्यात मात्र नवे नाही. माझे थोरले मामा जालना जिल्ह्यातील एका बँड पथकात पंचवीस वर्षे 'क्लारनेट' वाजवीत असत. त्या वाद्याच्या दोन चाव्यांना स्प्रिंग उरली नव्हती. तेथे मामांनी रबरबँड गुंडाळले होते. लहानपणी मी ते हातात घेऊ पाहिले की मामा ते शांतपणे काढून घेत आणि माझ्यासमोर गणिताचे पुस्तक ठेवीत. हे वाद्य पोटासाठी वाजवण्याची वेळ आपल्या भाच्यावर येऊ नये, एवढाच त्यामागील विचार होता. भाच्याने तो विचार मानला, पदव्युत्तर शिक्षण घेतले, अमेरिका गाठली आणि पोटाची चिंता मिटल्यावर पहिले काम काय केले, तर क्लॅरिनेट भाड्याने आणले. मामांना दूरध्वनीवरून ही वार्ता सांगितली, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पैसे कोण देतंय?" कोणीही देत नाही, उलट मीच देतो, हे ऐकल्यावर ते मोठ्याने हसले. वाजवणाऱ्यानेच पैसे मोजायचे, ही कल्पना त्यांच्या साऱ्या हयातीत त्यांना कोणी ऐकवली नव्हती.

आता या वाद्याची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. क्लॅरिनेटचा जन्म जर्मनीतील न्युरेंबर्ग येथे १७०० च्या सुमारास योहान क्रिस्टोफ डेनर या कारागिराच्या हातून झाला, असे मानले जाते. सनईला दोन पात्यांची जोडपत्ती असते. क्लॅरिनेटला एकच पत्ती असते आणि ती माउथपीसवर पट्ट्याने आवळलेली असते. ही पत्ती बोरूसारख्या उंच गवताच्या दांड्यापासून करतात. दक्षिण फ्रान्समधील व्हार प्रांताचे गवत त्यासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे मूळचे ते एक गवत आहे, वाजवण्यापूर्वी ते तोंडात ओले करावे लागते आणि वाजवून झाल्यावर त्याला वादकाच्या जेवणाचा वास येतो. आदल्या रात्री भारतीय दुकानातून आणलेल्या सुक्या बोंबलाचे कालवण झालेले असेल, तर त्या पत्तीचे भवितव्य काय, हे श्वानपालकांना सांगावयास नको.

दहा पत्त्यांची एक पेटी तीसएक डॉलरांना पडते. त्या दहांपैकी तीन उत्तम, चार बऱ्या आणि तीन निरुपयोगी निघतात, असा माझा अनुभव आहे. कोणती उत्तम, हे ठरवायला मला आठवडा लागतो. मोत्याला एक मिनिट पुरते. त्याने आजवर एकही निरुपयोगी पत्ती चावलेली नाही.

वाद्याच्या छिद्रांवर बसणाऱ्या चाव्यांखाली मऊ पॅड असतात. त्यांवर पातळ, पिवळसर पापुद्रा चढवलेला असतो. व्यापारात त्याला 'माशाची कातडी' म्हणण्याची प्रथा आहे. वस्तुतः तो पूर्वापार गुरांच्या आतड्याच्या अस्तरापासून करतात. आमच्या घरात हे सत्य प्रथम मोत्याला कळले, कारण तो पॅडपाशी नाक नेऊन ज्या भक्तिभावाने उभा राहतो, तसा माशापाशी कधी राहत नाही. मला यात एक वेगळीच गंमत वाटते. हलगीला कातडे लागते म्हणून हलगी वाजवणारा हात ज्या समाजाने दूर ठेवला, त्याच समाजाच्या मंगलकार्यात गुरांच्या आतड्याने मढवलेले हे विलायती वाद्य दारापर्यंत सन्मानाने येत राहिले. वाद्याला कोणी जात विचारली नाही. ती वादकालाच विचारली गेली.

मनीची कार्यपद्धती निराळी आहे. क्लॅरिनेटची पेटी आतून निळ्या मखमलीची असते आणि तिच्यात वाद्याच्या पाच तुकड्यांसाठी पाच खाचा असतात. ही रचना एका मांजरीच्या पाच अवयवांसाठी केलेली आहे, अशी मनीची दृढ समजूत आहे. तुकडे जोडण्याच्या जागी बूच असते, बुचाला वंगण लावावे लागते आणि त्या वंगणाला मनीचे केस चिकटतात. श्वास आत घ्यावा आणि राखाडी केस थेट टाळूला जाऊन भिडावा, हा अनुभव संगीताच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात वर्णिलेला नाही. वादन संपल्यावर आतील ओल पुसण्यासाठी एका वजनदार दोरीला बांधलेले फडके नळीतून ओढून काढतात. दोरीचे टोक खालून बाहेर पडले रे पडले, की मनी त्यावर झेप घेते. वरून मी ओढतो, खालून ती ओढते आणि मध्ये क्लॅरिनेट. वाद्य स्वच्छ होण्यास पंधरा मिनिटे लागतात, पण ते असे स्वच्छ होते की विचारू नका.

शेजाऱ्यांचा विचार करून मी सुरुवातीस आवाज दाबण्याचे उपाय शोधले. ट्रम्पेटच्या तोंडात बूच बसवून त्याचा आवाज कमी करता येतो. क्लॅरिनेटची अडचण अशी की, त्याचा आवाज केवळ खालच्या तोंडातून बाहेर पडत नाही. बोटांखालची जी जी छिद्रे उघडी असतील, तेथूनही तो निघतो. तोंड बांधावे तर अंग बोलते. अखेरीस मी कपड्यांच्या कपाटात शिरून, सहचारिणीच्या साड्यांमध्ये उभा राहून सराव करू लागलो. उपाय नामी होता. परंतु घरातील माणूस कपाटात शिरून दार लावून घेतो आणि आतून असा आवाज काढतो, हे पाहून कोणते प्राणी स्वस्थ बसतील? पाच मिनिटांत कपाटात आम्ही तिघे होतो आणि त्यांतील एकजण पैठणीवर बसला होता. त्या दिवसापासून सराव दिवाणखान्यात होतो.

मांजर आणि क्लॅरिनेट यांचे नाते वस्तुतः फार प्रतिष्ठित आहे. सर्गेई प्रोकोफिएव्ह यांनी १९३६ साली मुलांसाठी 'पीटर आणि लांडगा' ही संगीतकथा रचली, तेव्हा पक्ष्यासाठी बासरी, बदकासाठी ओबो आणि मांजरीसाठी क्लॅरिनेट योजले. इगोर स्ट्राविन्स्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात मांजरीची अंगाईगीते रचली, तीही एका स्त्रीस्वरासाठी आणि तीन क्लॅरिनेटांसाठी. एवढ्या थोरांची साक्ष काढून मी प्रोकोफिएव्हची मांजरधून महिनाभर घोटली आणि मनीसमोर सादर केली. तिने एक पंजा चाटला, दुसरा चाटला आणि ती शयनगृहात पलंगाखाली निघून गेली.

तिचेही बरोबर आहे. माणसाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत आणि मांजरीला ६४ हजारांपर्यंत किंवा त्याहूनही पुढे. क्लॅरिनेटची नळी एका टोकाला बंद असल्यासारखी वागते, त्यामुळे जोर देताच तिचा सूर बासरीप्रमाणे एका सप्तकाने न चढता थेट बाराव्या स्वरावर उडी मारतो. ही उडी साधेपर्यंत नवशिक्याच्या वाद्यातून जी किंचाळी निघते, ती मला जेवढी ऐकू येते तेवढीच नसते. तिचा वरचा मजला फक्त मनीला ऐकू येतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी डेव्हिड टी या चेलोवादक संगीतकारासमवेत २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मांजरीच्या गुरगुरण्याची आणि दूध पिण्याची लय घेऊन, तिच्या आवाजाच्या पट्टीत रचलेले संगीत मांजरी अधिक आवडीने ऐकतात आणि माणसांच्या संगीताकडे फारसे लक्ष देत नाहीत, असे त्यात दिसून आले. प्रोकोफिएव्हने मांजरीविषयी लिहिले, मांजरीसाठी नव्हे. दुसऱ्याविषयी बोलणे आणि दुसऱ्यासाठी बोलणे यांतील अंतर आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता मोत्याकडे वळतो. क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला सुमारे १४७ कंपनांचा असतो. लांडग्याच्या हाळीचा मूळ स्वर साधारण १५० पासून ७८० कंपनांपर्यंत फिरतो, असे अभ्यासकांनी मोजलेले आहे. म्हणजे क्लॅरिनेटचा तळ आणि मधला पट्टा जवळजवळ तंतोतंत लांडग्याच्या गळ्यात बसतो. त्यात नवशिक्याचा मुख्य अभ्यास म्हणजे लांब सूर: एकच स्वर, न हलता, श्वास संपेपर्यंत धरायचा. मोत्याच्या कानांना हा स्वराभ्यास वाटत नाही. दूर रानात हरवलेला कोणी आप्त हाळी घालतो आहे आणि आपण ओ दिली पाहिजे, असे त्याच्या रक्तातील काहीतरी त्याला सांगते. बीगल तर शिकारीत माग लागला की दीर्घ हाक देण्यासाठीच जोपासलेला कुत्रा. ओ देण्यात तो कसूर कशी करील?

आणि ओ देण्याची रीत पाहा. लांडगे एकत्र हाळी घालतात तेव्हा एकाच सुरावर स्थिरावत नाहीत. दुसऱ्याचा सूर आपल्याशी जुळला की पहिला आपला सूर सरकवतो. मोत्या हेच करतो. मी षड्ज धरला की तो प्रथम त्याच्या आसपास घुटमळतो, मग वर जाऊन कोठेतरी ठरतो. मी स्वर बदलला की तोही बदलतो. मामांना मी सरावाचे ध्वनिमुद्रण पाठवीत असे. तिसऱ्या मुद्रणानंतर त्यांचा फोन आला: "भाच्या, तुझ्यासंगं दुसरा कोण वाजवतोय रं? त्याचा सूर तुझ्यापेक्षा बरा लागतोय."

दुसरा कोण, हे कळल्यावर मामांनी मला बँडच्या दिवसांतील हकिगती सांगितल्या, ज्या त्यांनी पूर्वी कधीच सांगितल्या नव्हत्या. वरात गावात शिरली की क्लॅरिनेटच्या पहिल्या लांब सुराला वेशीवरची कुत्री उठत आणि पथकाच्या मागे गळे काढीत चालू लागत. वऱ्हाडी हसत. "तुमचं ऐकून कुत्रीबी रडाया लागली," असे म्हणत. मानाने मोठा असलेला एखादा पाहुणा अपशकुन झाला म्हणून पथकाचे पैसे कापण्याची भाषा करी. वादक मांडवाच्या बाहेर उभे, जेवणाची पंगत सर्वांच्या शेवटी. लग्नाच्या बँडमधील वादक देशभर प्रामुख्याने दलित आणि मुस्लिम वस्त्यांतून येतात. संगीताचे अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी 'ब्रास बाजा' या २००५ सालच्या ग्रंथात हे जग तपशिलाने नोंदवले आहे. ज्यांच्यावाचून वरात हलत नाही, त्यांच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही, हा त्या जगाचा नियम. मामा म्हणाले, "कुत्री सुरात तरी येत व्हती. वऱ्हाडी कवाच आले न्हाईत."

हे ऐकल्यापासून 'रडते' या क्रियापदाकडे मी संशयाने पाहू लागलो. कुत्रा रडतो, हे आपण कानाने ठरवलेले नाही. भाषेने ते आधीच ठरवून ठेवले आहे आणि कान मागाहून होकार देतात. मामांचे वादन म्हणजे गोंगाट, हेही असेच कोणीतरी ऐकण्यापूर्वी ठरवून टाकलेले होते. तरीही केवळ आपल्याला आवडते म्हणून मोत्याच्या आवाजाला 'गाणे' म्हणून मोकळे होणेही मला मान्य नव्हते. मुक्या जीवाच्या कण्हण्याला गाणे समजून आपण रोज सायंकाळी त्याचा छळ करीत असलो, तर? हा प्रश्न थट्टेचा नव्हता, आणि तो लवकरच कागदावर आला.

आमच्या इमारतीच्या कार्यालयातून एके दिवशी पत्र मिळाले. सायंकाळी सात ते साडेसात या वेळेत तुमच्या घरातून 'दोन प्राण्यांच्या वेदनेचे आवाज' येतात, अशी तक्रार आहे आणि ती प्राणिकल्याण पाहणाऱ्या स्थानिक खात्याकडे पाठवण्यात आली आहे, असे त्यात नम्र शब्दांत लिहिले होते. पत्र आम्ही दोन वेळा वाचले. मनी तर त्या वेळी पलंगाखाली मौन धरून असते. मग हा दुसरा प्राणी कोणता? सहचारिणीने माझ्याकडे पाहिले आणि ती हसू लागली. माझ्या चार महिन्यांच्या साधनेवर आलेला तो पहिला लेखी अभिप्राय होता. परंतु व्हिसावर राहणाऱ्या माणसाला सरकारी चौकशी म्हटली की हसू फार वेळ टिकत नाही. त्या रात्री मी मोत्याच्या लसीकरणाच्या कागदांची फाईल लावून ठेवली, आपण पासपोर्टाची लावतो तशी.

आलेल्या अधिकारी बाई मध्यमवयीन आणि शांत होत्या. त्यांनी पाण्याचे भांडे पाहिले, कागद पाहिले, मोत्याच्या कानांमागून हात फिरवला. मग म्हणाल्या, घरातील सर्व दारे उघडा, कुत्र्याला हवे तेथे जाऊ द्या आणि नेहमीसारखे वाजवा. त्रास होणारा कुत्रा कसा ओळखावा, हे त्यांनी मला तेव्हाच सांगितले: कान मागे पडतात, शेपूट पोटाखाली जाते, तो पुनःपुन्हा जांभया देतो, ओठ चाटतो आणि वाट मिळाली की तेथून निघून जातो. मोत्या त्या वेळी आतल्या खोलीत खिडकीखाली उन्हात पडला होता. मी लांब सूर धरला. पावलांचा टपटप आवाज आला. मोत्या दोन खोल्या ओलांडून, बाईंना वळसा घालून माझ्या डाव्या पायाशी येऊन बसला, शेपटीने जमीन झाडू लागला आणि त्याने मान वर केली. मी थांबलो, तोही थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. मी पुन्हा आरंभ केला; त्यानेही केला. बाईंनी वहीत काहीतरी लिहिले, मग वाकून पलंगाखाली पाहिले. तेथून दोन डोळे चमकले. त्या म्हणाल्या, "तक्रार खरे तर हिने करायला हवी होती."

त्या भेटीत मला एक साधी कसोटी मिळाली: दार उघडे असताना कोण येते आणि कोण जाते. बंद दाराआड बसलेल्या श्रोत्याच्या पसंतीला काही अर्थ नसतो. दार उघडे असताना जो दोन खोल्या ओलांडून येतो, त्याला साथीदार म्हणावे. आणि जी निघून जाते, तिच्या जाण्याचा मान राखावा. त्याप्रमाणे आम्ही घरात काही नियम केले आहेत. वरच्या पट्टीचा, किंचाळ्या निघण्याचा संभव असलेला सराव मनीचे जेवण झाल्यावर, ती शयनगृहात असताना, मधले दार लोटून करायचा. तिला बाहेर यायचे असेल तर ते पंजाने ढकलता येईल एवढेच लोटायचे. लांब सूर दिवसा उजेडी, मोत्या जागा असताना. त्याने जांभया देण्यास सुरुवात केली की त्या दिवसाचा वर्ग संपला. पत्त्या वरच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात. पेटीला मात्र कुलूप नाही. ती मनीची आहे, मी तीत फक्त वाद्य ठेवतो.

प्राण्यांसमवेत क्लॅरिनेट वाजवणारा या राज्यात मी एकटा नाही, हे कळल्यावर माझी उमेद वाढली. नेवार्क येथील न्यू जर्सी तंत्रज्ञान संस्थेत तत्त्वज्ञान व संगीत शिकवणारे डेव्हिड रोथेनबर्ग हे स्वतः क्लॅरिनेटवादक आहेत. २००० साली पिट्सबर्गच्या राष्ट्रीय पक्षिगृहात त्यांनी क्लॅरिनेट वाजवले आणि पांढऱ्या तुऱ्याच्या एका पक्ष्याने त्यांना स्वरांनी उत्तर दिले. त्या अनुभवातून त्यांचे 'व्हाय बर्ड्स सिंग' हे २००५ चे पुस्तक जन्मले. पुढे त्यांनी देवमाशांसमवेत आणि रातकिड्यांच्या जातभाईंसमवेतही वादन केले. तो तुरेवाला पक्षी हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत आढळणारा. परदेशात राहून, अनोळखी वाद्याच्या हाकेला आपल्या सुरात ओ देणारा तो पक्षी मला उगाच नात्यातला वाटतो.

आपल्या समाजात छंदाकडे अजून थोड्या अपराधी नजरेने पाहिले जाते. ज्यांच्या आजोबांनी पोटासाठी वाजवले, त्यांच्या नातवाने हौसेसाठी वाजवावे काय? कुत्र्या-मांजरांवर जीव लावण्याइतका वेळ आपल्याला आहे काय? अशा वेळी मला फेब्रुवारी १९३४ मधील राजगृहातील ते छायाचित्र आठवते. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव, आणि त्याच चौकटीत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते असेल. पुढच्या वेळी पाहताना टॉबीकडेही लक्ष द्यावे. उत्तरायुष्यात बाबासाहेब व्हायोलिन शिकू लागले, हेही आपण वाचले आहे. ज्यांच्या दिवसातील तासन्‌तास ग्रंथांना आणि समाजाला वाहिलेले होते, त्यांनी त्या दिवसात एका कुत्र्यासाठी आणि एका वाद्यासाठी जागा ठेवली. ती जागा ठेवण्याइतके आपण मोकळे होणे, हाही त्या लढ्याच्या फलिताचाच भाग आहे, असे मला वाटते.

मामांना आता दम्याने फुंकर घालवत नाही. रविवारी आमच्याकडे सकाळचे साडेनऊ म्हणजे तिकडे सायंकाळचे सात. त्या वेळी ते फोनच्या पडद्यावर येतात, मांडीवर बोटांनी मात्रा मोजतात आणि प्रथम मोत्याची विचारपूस करतात. ताल चुकला की मला बोलणी बसतात. मोत्याला कधीच नाही. धडा अजून तोच आहे: लांब सूर, श्वास संपेपर्यंत. माझा श्वास सतरा-अठरा मात्रांत संपतो. मोत्याचा त्यानंतरही थोडा वेळ चालू राहतो, आणि तेवढ्या वेळात पडद्यावरचे मामांचे बोट थांबत नाही.